किमान वेतन वाढलं की हजेरी कमी? तुमच्याकडं पण असंच चाललंय का

पॅकिंगवाला_वाळूज

राम राम मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून. गाव गंगाखेडकडं, इथं बजाजनगरला चौघं जण रूम करून राहतो. विचारायचं असं की जानेवारीत सरकारचा नवा रेट आला म्हणून आमचा दिवसाचा रेट ५०० चा ५२० झाला, सगळे खूश. पगार झाला तर खात्यात तेवढेच पैसे, एक रुपयाचा फरक नाही. स्लिप मागितली तर सुपरवायझर द्यायलाच तयार नव्हता, लै मागं लागल्यावर मोबाईलवर फोटो टाकला, त्यात रेट ५२० आणि हजेरी २५. अन् मी महिनाभर एक खाडा केला नाही, २६ भरलेत माझे. आता बगा, पाचशे गुणिले सव्वीस तेरा हजार आणि पाचशेवीस गुणिले पंचवीस पण तेराच हजार. म्हणजे कॅल्क्युलेटर घेऊनच बसला होता गडी.

दुसरं, आमच्या लाईनला पंधरा-वीस बायका आहेत, त्यांचं तर वेगळंच. सकाळी आठला बोलवायलेत, माल कमी असला की दीड वाजता जा म्हणायचं घरी आणि हाफ डे लावायचा. आधी माल नसला तरी लेबल मोजा, बॉक्स घड्या घाला असं काहीतरी देऊन दिवस भरून घ्यायचे, आता म्हणतात रेट वाढलाय, बसवून पगार परवडत नाही. बरं अर्धा दिवस आलं तरी रिक्षाचं भाडं तर पूर्णच लागतं की.

रूममधला एक जण म्हणायलाय रेट वाढायलाच नको, वाढला की तास कापतात, होतं तेच बरं होतं. मला ते पटत नाही पण त्याला उत्तर पण देता येईना. हे सगळीकडं असंच आहे का, आणि कायद्यात याला काही आहे का? जाणकारांनी सांगा. कंपनीचं नाव कुणी विचारू नका.

---

मस्टरमास्तर

भाऊ, मी शेंद्र्याच्या एमआयडीसीत पेरोलला, म्हणजे पगार काढायच्या कामाला आहे, आधी दोन ठेकेदारांकडं हेच काम केलंय, त्यामुळं आतली गोष्ट सांगतो.

किमान वेतनात दोन भाग असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता. मूळ वेतन सरकार काही वर्षांनी बदलतं, भत्ता मात्र महागाईच्या आकड्यावर दर सहा महिन्याला हलतो, जानेवारीत आणि जुलैत. तुझे वीस रुपये वाढले ते बहुतेक त्या भत्त्याचेच. आता ठेकेदाराचं कसं असतं, कंपनीशी त्याचा वर्षाचा पीओ (कामाची लेखी ऑर्डर) झालेला असतो, माणशी अमुक रुपये. सरकारचा रेट जानेवारीत वाढला तरी कंपनी म्हणते पीओ रिन्यू होईल तेव्हा बघू. मधले तीन-चार महिने त्या वाढीचा बोजा ठेकेदारावर. चांगला ठेकेदार असला तर सोसतो नाहीतर कंपनीच्या मागं लागून फरक बिलात घेतो (काही कंपन्या देतात, पीओतच तसं लिहिलेलं असतं). बाकीचे मस्टरला, म्हणजे हजेरीपटाला हात लावतात. रेट कमी दाखवता येत नाही कारण इन्स्पेक्टर आला की पहिले रेट बघतो, आणि कंपनीचं ऑडिट पण रेटच तपासतं. दिवस कोण मोजायलंय? म्हणून दिवस कापायचे. हे तुझ्या एकट्याचं नाही, लै जुनी पद्धत आहे ही.

यात ठेकेदाराला अजून एक फायदा. ईएसआयसीला (कामगारांचा सरकारी विमा) त्याला सव्वातीन टक्के भरावे लागतात, पीएफला बारा. कागदावर पगार तेराच हजार राहिला की हे पण वाढत नाही. तुझं नुकसान मात्र दोन्हीकडून, हातात कमी आणि पीएफ खात्यात पण कमी.

बायकांचं हाफ डेचं प्रकरण जास्त वाईट आहे आणि त्याचं कारण पगार नाही. ईएसआयसीतून आजारपणाचे पैसे मिळायला सहा महिन्यांच्या एका कालावधीत ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं, म्हणजे महिन्याला सरासरी १३. हाफ डेचे दोन-दोन जोडून एक हजेरी करतात तेव्हा बाई २६ दिवस रोज येऊन पण जेमतेम १३ भरतात, एक खाडा झाला की त्याच्या पण खाली. मग दवाखान्यात गेल्यावर कळतं की आपण बसत नाही. त्यांना एवढं नक्की सांग.

---

गोलाईतला_दुकानदार

मी लातूरला गंजगोलाईत कपड्याचं छोटं दुकान चालवतो, चार पोरं आहेत कामाला. इथं सगळे मालकाला शिव्याच घालणार म्हणून आधीच सांगतो, घाला.

पण मालकाची बाजू पण ऐका. माझं गिऱ्हाईक खेड्यातलं, सोयाबीनला भाव मिळाला तर दुकान चालतं नाही मिळाला तर नाही. दोन-तीन सीझन झाले सोयाबीन हमीभावाच्या खालीच विकायलंय, मग लोक लग्नाचा बस्ता सुद्धा निम्म्यात उरकायलेत. गाळ्याचं भाडं कमी होत नाही, लाईट बिल कमी होत नाही, आणि निम्मं तरुण गिऱ्हाईक मोबाईलवरून मागवायलंय. अशात सरकारनं रेट वाढवला तर तो पैसा काढायचा कुठून? भाव वाढवला तर शेजारचा दुकानदार बसलाच आहे टपून.

मी काय केलं ते खरं सांगतो. पोरगं काढलं नाही एक पण. आधी साडेनवाला शटर उघडायचो, आता लग्नसराई सोडून साडेदहाला उघडतो. आषाढ-श्रावणात दोन पोरं आळीपाळीनं येतात, एक दिवसाआड. दिवाळीत आणि लगनात चौघं पण बारा-बारा तास, तेव्हा वरून काहीतरी देतो हातात. आधी दुपारी चारही जण गाद्यांवर टेकून बसलेले असायचे, आता दोनच असतात आणि घड्या पण तेच घालतात, चहा पण तेच आणतात. तास कमी झाले पण जे आहेत त्या तासात काम जास्त झालं, हे पण मोजा कुणीतरी.

आणि प्रामाणिकपणे, पूर्ण सरकारी रेट मी आजही देत नाही. गोलाईत किती जण देतात विचारून बघा.

---

धारूरचा_कोयता

शेठ, प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद, पण "हातात काहीतरी देतो" म्हणजे किती? ठरलेल्या तासांच्या वरचं काम असेल तर दुप्पट दरानं ओव्हरटाईम बसतो. तुमचं काहीतरी म्हणजे दोनशे रुपये आणि एक शर्ट पीस असणार, मी पण एक दिवाळी केलीय असल्या दुकानात.

मूळ प्रश्नावर. आमचं घर ऊसतोडीचं आहे, आईबाप अजून जातात. तिथं तासाचा विषयच नाही, टनावर पैसे. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, पेपरात मोठं आलं होतं. तास कमी झाले का? कशाचे होतायत. पहाटे चारला उठून फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. उचल घेतलेली असती, ती फिटेपर्यंत माणूस स्वतःच स्वतःचे तास वाढवतो. एका कोयत्यात दोन माणसं, नवरा अन् बायको, आणि तिची स्वयंपाकपाण्याची ड्युटी वेगळी, ती तर कुठल्याच हिशोबात नाही.

तर माझं म्हणणं असं की रेट वाढला की तास कमी होतात हे सांगायला आधी तास कुणीतरी लिहायला पाहिजेत. आमच्याकडं ते लिहीतच नाही कुणी. दर वाढला तेव्हा आमच्याकडं एकच चर्चा, आता कारखाने हार्वेस्टर जास्त आणतील. आणायलेत पण. जिथं रान सपाट आणि सरीत अंतर आहे तिथं मशीन घुसतं, उरलेला वाकडातिकडा, पडलेला ऊस कोयत्याला. म्हणजे दर वाढला आणि त्याच टनाला मेहनत पण वाढली.

---

परभणीचे_सर

धारूरच्या मित्रानं नेमक्या जागेवर बोट ठेवलं. मी कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो, या विषयावर जगात जेवढं भांडण झालंय तेवढं क्वचितच कशावर झालं असेल, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

१९९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोघांनी दोन्हीकडच्या बर्गरवाल्या हॉटेलांची तुलना केली, त्यांना नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या नाहीत. १९९४ ला पेपर आला आणि तेव्हापासून भांडण सुरू. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

पण नोकरी टिकली म्हणजे तास टिकले असं नाही, आणि पॅकिंगवाल्याचा प्रश्न तोच आहे. सिएटल शहरानं किमान वेतन टप्प्याटप्प्यानं वाढवलं, २०१५ च्या एप्रिलला ११ डॉलर, २०१६ च्या जानेवारीला मोठ्या मालकांसाठी १३. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटानं २०१७ मध्ये अभ्यास मांडला की दुसऱ्या टप्प्यानंतर कमी पगाराच्या कामांमध्ये तासाचा दर साधारण ३ टक्के वाढला आणि तास साधारण ९ टक्के घटले, म्हणजे महिन्याला सरासरी १२५ डॉलरचा तोटा. तुमच्या रूममेटची बाजूच म्हणा की ही. पण त्याच वर्षी बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी फक्त हॉटेल धंद्याकडं बघितलं, तर त्यांना पगार वाढलेले दिसले आणि नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. आणि वॉशिंग्टनच्याच गटानं पुढच्या वर्षी परत खोदलं तेव्हा असं निघालं की जे आधीपासून कामावर होते त्यांचे तास थोडे कमी झाले तरी हातात एकूण थोडं जास्तच आलं, त्यातही फायदा अनुभवी लोकांचा. नवीन पोरांना आत घेणं मात्र कमी झालं.

आता महत्त्वाचं. हा अभ्यास सिएटलमध्ये का झाला? कारण सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथं मालकाला प्रत्येक कामगाराचे पगारासोबत तास पण सरकारला कळवावे लागतात, अमेरिकेत सुद्धा मोजक्याच राज्यांत हे होतं. आपल्याकडं असा अभ्यास मस्टरवरून केला तर निष्कर्ष निघेल की वाळूजला रेट वाढल्यावर कामाचे दिवस २६ चे २५ झाले, आणि कुणीतरी त्याचा पेपर पण छापेल. प्रत्यक्षात हा भाऊ २६ दिवस पॅकिंग करत होता. तिथं तास खरोखर कापले, माणूस लवकर घरी तरी गेला. इथं तास कागदावर कापले.

बायकांचं हाफ डे मात्र खरंच सिएटलसारखं आहे, आणि त्याला आपल्याच महाराष्ट्रात जुना दाखला आहे. रोजगार हमी योजना, १९७२ च्या दुष्काळात रुजली, १९७७ ला कायदा झाला. मराठवाड्यातल्या कितीतरी पाझर तलावांवर, रस्त्यांवर आपल्या आज्यांनी खडी फोडलीय. १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं तसा रोहयोचा दर पण वाढला. त्यानंतर मनुष्यदिवस घटले. रवॅलियन, दत्त आणि चौधरी यांनी १९९३ मध्ये यावर पेपर लिहिला, त्यांचा निष्कर्ष असा की लोकांना काम पाहिजे होतं पण तेवढी कामं निघेनात, म्हणजे हमी कागदावर आणि वाटप रेशनसारखं. कायद्यानं मागेल त्याला काम होतं तरी हे झालं. खासगी ठेकेदाराकडून काय अपेक्षा करायची.

रूममेटला उत्तर एवढंच द्या की वाढ थांबवून तास वाचत नाहीत. रेट पाचशेच राहिला असता तर पुढच्या मंदीत हाफ डे लागलाच असता, आणि तो पाचशेच्या निम्म्यानं लागला असता. गोलाईतल्या शेठचं दुकान सोयाबीनच्या भावावर चालतं की पोरांच्या पगारावर, ते त्यांनी स्वतःच लिहिलंय वर.

---

गोलाईतला_दुकानदार

सर, दोन्हीवर चालतं. पण मुद्दा पोचला. शर्ट पीसचं बरोबर आहे धारूरवाल्याचं, दोनशे नाही पाचशे देतो पण.

---

कामगार_ताई_जालना

जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल आणि बियाणं कंपन्यांच्या गोडाऊनमधल्या कामगारांसोबत काम करते. सरांनी अभ्यास सांगितले, मी कायदा सांगते.

पॅकिंगवाल्या दादा, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात मिसळू नका. तुमची एक हजेरी खाल्ली ती सरळ सरळ वेतन न देणं आहे, त्यात तासांचा वगैरे काही संबंध नाही. बायकांचं हाफ डे हा खरा तासांचा प्रश्न आणि त्याला कायद्यात थेट उत्तर आहे, लोकांना माहीतच नसतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १५ मध्ये होतं की ज्याचा रेट दिवसावर आहे त्याला मालकानं पूर्ण तास काम दिलं नाही तरी पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं. कामगार स्वतःच काम करायला तयार नसेल आणि नियमात दिलेले काही अपवाद असतील ते सोडून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली, तिच्यात पण हीच तरतूद कलम १० मध्ये आहे. माल आला नाही, ऑर्डर कमी आहे ही मालकाची अडचण. बाई आठ वाजता गेटवर हजर होती, काम करायला तयार होती, तर दिवस पूर्ण.

पण पळवाट पण सांगून ठेवते. बोलावलं आणि परत पाठवलं तर पूर्ण दिवस, पण आदल्या दिवशीच सांगितलं उद्या येऊ नका, तर या कलमाचा उपयोग होत नाही. आमच्याकडं एका गोडाऊनला बायकांनी हे कलम दाखवलं, हाफ डे बंद झाले. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री नऊला व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं यायला लागली, उद्या कोण येणार त्याची. आता नाव नसलं तर दिवसच नाही. तरी बायका म्हणतात हे परवडलं, निदान त्या दिवशी दुसरीकडं खुरपायला तरी जाता येतं, आधी ना इकडचं ना तिकडचं व्हायचं. हे मिळवलं म्हणायचं की गमावलं मी अजून ठरवू शकले नाही.

तुमच्या हजेरीसाठी: ईएसआयसीच्या पोर्टलवर विमा नंबरनं लॉगिन करा, कोणत्या महिन्यात किती दिवस आणि किती पगार भरला ते दिसतं. स्क्रीनशॉट काढून ठेवा. गेटवर पंचिंग असेल किंवा सिक्युरिटीच्या रजिस्टरला नाव लिहित असतील तर तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा, कारण गेट कंपनीचं असतं, ठेकेदाराचं नाही. संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, जुन्या किमान वेतन कायद्यात सहा महिनेच होती, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. ठेकेदारानं दिले नाहीत तर मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. पगाराची स्लिप देणं बंधनकारक आहे, उपकार नाही. आणि कोऱ्या व्हाउचरवर सही अजिबात करायची नाही, कुणी करून घेत असेल तर.

---

पॅकिंगवाला_वाळूज

ताई, सर, मास्तर, सगळ्यांचे आभार. रात्री पोर्टल उघडलं, आमच्या चौघांचेही २५ च दिवस भरलेत, त्यात एकानं तर खरंच एक खाडा केलता, एक कापला असता तर त्याचे २४ व्हायला पाहिजे होते, त्याचे पण २५. म्हणजे मस्टर बघून नाही, सगळ्यांना सरसकट २५ लावलंय. गेटला थंब (अंगठ्याची हजेरी) आहे आमच्या, रोजचा.

बायकांना ७८ दिवसांचं सांगितलं तर दोघीजणी लगेच मोजायला बसल्या, एकीचं पुढच्या महिन्यात गाठीचं ऑपरेशन आहे. ती म्हणली मी आता हाफ डेला घरी जातच नाही, बसून राहते लाईनला.

भीती एकच आहे, मी एकटा बोललो तर उद्यापासून गेट बंद. ठेकेदाराला काय, दुसरा गंगाखेडचा पोरगा उभाच आहे बाहेर.

---

मस्टरमास्तर

एकटा जाऊच नको. आणि ठेकेदाराकडं पण आधी जाऊ नको. तुमचा थंबचा डेटा कंपनीच्या एचआरकडं असतो, ठेकेदाराच्या बिलासोबत जी हजेरी जाते ती त्याच्याशी जुळवूनच बिल पास होतं. आता विचार कर, ठेकेदारानं कंपनीकडून २६ चं बिल घेतलं असेल आणि तुम्हाला २५ वाटले असतील, तर एचआरला ते ऐकायला नक्की आवडेल, कारण त्यात कंपनीचा पण पैसा गेला. आणि जर कंपनीनंच २५ ला संमती दिली असेल तर ते पण कळेल, मग ताईंचा रस्ता, कामगार आयुक्तांचं ऑफिस.

चौघांचे स्क्रीनशॉट, स्लिपचा फोटो, आणि बायकांपैकी दोघी-तिघी सोबत घे. बहुतेक पीओ मार्च-एप्रिलला रिन्यू होतात, तेव्हा एचआरला नव्या रेटचा विषय काढावाच लागतो. त्याच्या आत जा. नंतर गेलास तर म्हणतील बजेट झालं, आता जुलैला बघू.